तोडल्या, चोरल्या न्हाईत

टक्.

वाऱ्याची झुळूक आली आणि खुंटीवरची आकडी भिंतीवर आपटली. एरवी त्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला असायचा, त्याच्या वजनाने ती जागची हलत नसे. आता कोयता वडगावच्या कचेरीत होता, मुठीला जप्तीची चिठ्ठी बांधलेला, आणि रिकामी आकडी जराशा वाऱ्यानेही वाजत होती.

"काढून ठेव गं ती," मेहबूब म्हणाला.

"राहू द्या. कोयता परत आला की तितंच लागंल," जाहिदा म्हणाली, आणि मांडीवरचा कागद तिने चौथ्यांदा वाचला.

कागद म्हणजे समन्स. आंदर मावळातल्या त्या पंधरा-वीस घरांच्या वाडीत असा कागद वाचू शकणारी बाई ती एकटीच. तिचा बाप फकरुद्दीन वडगावच्या कचेरीत पट्टेवाला होता. लहानपणी त्याची भाकरी घेऊन जायची आणि तो जेवेपर्यंत दाराआड बसून राहायची. इतर पोरी गाणी ऐकून मोठ्या झाल्या, ही कलमं ऐकून.

झालं होतं ते एवढंच. बांधावरच्या ऐनाच्या तीन झाडांच्या डहाळ्या मेहबूबने राबासाठी तोडल्या होत्या. भाताचं रोप जिथे टाकायचं तिथे डहाळ्या, शेण आणि पालापाचोळा रचून उन्हाळ्यात जाळायचं, मगच जमीन रोप धरते. मावळात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण यंदा जंगलचा रखवालदार कोंडाजी आला, ऐन सरकारी हद्दीतले आहेत म्हणाला, आणि डहाळ्यांचे भारे, कोयता, सगळं जप्त करून घेऊन गेला. जाताना त्याने विचारलं, "तूच तोडल्यास का?" मेहबूब म्हणाला, "व्हय की. दर साली तोडतो." त्या वाडीत कुणी आपल्या हातचं काम नाकारत नसे. कोंडाजीने ते तसंच लिहून घेतलं.

दुपारी महिपती पाटील आले. ओट्यावर टेकले, पाणी प्याले.

"एवढं तोंड पाडून बसायला काय झालं रं मेहबूब? मागल्या साली हौशीराम गेलता. कबूल म्हनला, दंड भरला, दिवस मावळायला घरी. त्याचं काय नाक झडलं का?"

"हौशीरामभाऊला जंगलचं कलम लागलं हुतं, आबा," जाहिदा आतून म्हणाली. "ह्यांना चोरीचं लावलंय. तीनशे एकोणऐंशी."

"कलम म्हंजी कलम. समदी सारकीच चावत्यात."

"ढेकूण आनि नाग सारकंच चावत्यात व्हय?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "मेहबूब, बायकोच वकील केलीस तू. ब्येस केलंस, फी वाचली."

मेहबूब हसला नाही. जाहिदा डोक्यावरचा पदर सारखा करत दारात आली.

"हसा आबा, पन ऐका. चोरी कबूल केली की कागदावर चोर. आज दंडावर भागंल, मला ठावं हाय. पन पुढल्या साली ह्यांनी राब तोडला की ते म्हननार, ह्याला चोरीची शिक्षा आदी झालेली हाय. मग दंड न्हाई, वर्सं. माझ्या बापानं एका मानसाचा पुकारा तीनदा केला. पैल्यांदा कोंबडी चोरली, पंधरा दिवस. दुसऱ्यांदा सहा म्हैने. तिसऱ्या खेपंला येरवड्याला चार वर्सं. कोंबडी तेवढीच हुती."

पाटील मुंडासं सारखं करू लागले.

"आनि ऐन?" तिचा आवाज चढला. "चोरी कबूल म्हंजी ऐन सरकारचं हे आपनच सांगितलं. मग जलमभर राब कशाचा करायचा? लोनावळ्याच्या बंगल्यांत थंडीभर लाकूड जळतं, त्याला कलम न्हाई. आमी रोपासाठी चार डहाळ्या जाळल्या की चोर!"

"हे बग पोरी," पाटील उठले, "दंडाचं मी बघतो, तो माझा शबुद. पन भांडायला गेलात, तर साहेब जामीन मागंल. आनि जामिनाला माझ्या दारात यायचं न्हाई. सरकारशी वाकडं मला परवडनार न्हाई."

ते गेले. मेहबूबने बांधाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जामीन न्हाई मिळाला तर?"

"तर कोठडी. तारीख हुईपत्तूर."

"आनि न्हाई जितलो तर?"

"तीन वर्सांपत्तूर देता येती. एवढी देनार न्हाईत, पन येती." तिने काही लपवलं नाही. "तुमी सांगा. तुमी म्हनाल ते. कोठडीत मी जानार न्हाई, तुमी जानार."

आकडी पुन्हा वाजली. मेहबूब उठला, तिच्यावर हात ठेवून त्याने ती थांबवली.

"ह्याच आकडीत माझ्या आज्याचा कोयता ऱ्हायचा," तो म्हणाला. "त्यानं कदी काई चोरलं न्हाई. काय बोलायचं ते शिकव मला."

पुढचे चार दिवस ओट्यावर कचेरी भरली. त्यांची पाच वर्षांची लेक ताजुन्निसा, सगळ्यांची ताजू, जात्यावर उभी राहून आजोबासारखी ओरडायची, "मेहबूब वल्लद दस्तगीर, हाजिर हाय?" मेहबूब हात जोडून उभा राही. जाहिदा भाकरी थापता थापता मामलेदार होई.

"फांद्या तोडल्या?"

"व्हय."

"मालकाला न इचारता, लबाडीनं न्हेल्या. गुन्हा कबूल हाय?"

"व्हय... आं, न्हाई!"

"अब्बा चुकला! अब्बा चुकला!" ताजू टाळ्या पिटायची.

दर वेळी तिथेच घोडं अडायचं. साहेब तोडणं आणि चोरणं एका वाक्यात बांधून विचारणार, आणि तोडलेलं नाकारायला मेहबूबची जीभ रेटत नव्हती. "तोडल्यात तर न्हाई कसं म्हनू?" तो कळवळून विचारायचा. जाहिदा पीठ लागलेल्या हाताने कपाळावरची बट मागे सारायची आणि पुन्हा सुरू करायची. चौथ्या दिवशीही तो चुकला. रात्री ताजूला थोपटताना तिला वाटलं, आपण ह्या माणसाला भलत्याच डोहात ढकलतो आहोत की काय.

मंगळवारी पहाटे निघाले. टाकव्यावरून कान्ह्याला, तिथून वडगाव. मेहबूबच्या खांद्यावर ताजू, आणि ताजूच्या कमरेला फडक्याने बांधलेली आकडी. ती तिने हट्टाने घेतली होती. कोयता परत आणायचा तर कशात अडकवणार, हा तिचा सवाल होता. मागून हौशीराम येत होता, न बोलावता. "हाटाला चाललोय," म्हणाला. मंगळवारी कुठे हाट नव्हता.

कचेरीच्या आवारात डहाळ्यांचे भारे पडले होते, पाला वाळून तांबूस झालेला. आतल्या टेबलावर कोयता. जाहिदा दाराआड बसली, लहानपणी बसायची तिथेच. पुकारा झाला तेव्हा ताजूने आईकडे पाहिलं. हा पुकारा आजोबाचा नव्हता, त्याच्या जागी आता दुसराच पट्टेवाला होता.

कोंडाजीने जबानी दिली, पंचांनी मान हलवली. मग मामलेदारांनी चष्मा सारखा करून वाचलं, "मेहबूब वल्लद दस्तगीर, तू सरकारच्या मालकीच्या ऐनाच्या फांद्या लबाडीच्या इराद्याने तोडून नेल्यास. गुन्हा कबूल आहे?"

मेहबूबने तोंड उघडलं. जाहिदाला त्याच्या ओठांवर 'व्हय' दिसला, अगदी स्पष्ट दिसला. तिने ताजूचा हात एवढा आवळला की पोर कण्हली. ओरडून सांगता येत नव्हतं. तिचा बापच असल्या बायकांना दारातून हाकलायचा.

"साहेब," मेहबूब म्हणाला, "दोन गोष्टी एका दमात इचारू नका. मी अडानी मानूस हाय. एक एक इचारा."

कारकुनाची लेखणी थांबली.

"बरं," मामलेदार म्हणाले. "फांद्या तोडल्यास?"

"व्हय. तोडल्या."

"चोरल्यास?"

"न्हाई. तोडल्या, चोरल्या न्हाईत." आता त्याचा आवाज मोकळा झाला. "साहेब, त्या ऐनांच्या अंगावर गाठी हायेत, जागोजाग. डहाळी तोडली की तितं गाठ धरती. सगळ्यात जुन्या गाठी माझ्या आज्याच्या, त्याच्या वर माझ्या बाच्या, वरल्या माझ्या. मानूस धाडून बघा. साठ वर्सं चोर एकाच झाडाला येतो का? दिसाढवळ्या? बायकूपोरीला घेऊन?"

कोणीतरी मागे खुदकन हसलं. मामलेदार हसले नाहीत, पण त्यांनी कोयत्याकडे आणि मग मेहबूबकडे नीट पाहिलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"फांद्या तोडायचं बानं. बोलायचं बायकूनं."

या वेळी कारकूनही हसला. "काय लिहू, साहेब?"

"गुन्हा नाकबूल. झाडं वहिवाटीने स्वतःची असल्याचं म्हणतो. जागा पाहून अहवाल मागवा." त्यांनी कागद पुढे सरकवला. "पंधरा दिवसांची तारीख. जामीन कोण?"

हौशीराम पुढे झाला. "मी हाय जी."

"खातेउतारा आणलास? जमीन तुझ्या नावावर असल्याचा कागद?"

"कागद तलाठ्याकडं. आनि तलाठी गेलाय लगनाला, सोमवारी येतोय."

"मग सोमवारनंतर आण. तोवर आरोपी कोठडीत."

शिपायाने मेहबूबच्या दंडाला धरलं. दाराशी येताना तो क्षणभर थांबला. जाहिदाला वाटलं, आता म्हणेल की तुझ्यामुळे. तो म्हणाला, "एकदा बी चुकलो न्हाई, बघितलंस का?" आणि हसला, या आठवड्यात पहिल्यांदा.

"बघितलं की," ती म्हणाली. तिने भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं. "मंगळवारी उतारा घिऊन येते. ताठ ऱ्हावा."

परतीच्या वाटेवर हौशीराम पुढे चालत होता. स्वतःशीच पुटपुटत होता, मागल्या साली मला हे सुचलं असतं तर. जाहिदाने वाटेत वाळका पाला गोळा केला, ओटी भरून. राब तर भाजायचाच होता. डहाळ्या नसतील तर पाला, पाला नसेल तर शेण. उद्या सकाळी बांधावर धूर निघणार, कोंडाजीला दिसू दे.

ताजू आईच्या मागे चालत होती. तिच्या कमरेची रिकामी आकडी पावलागणिक मांडीवर आपटत होती. नदी ओलांडून वर चढल्यावर ती थांबली.

"अम्मा, अब्बा चुकला न्हाई ना?"

"न्हाई गं माझी राणी. एकदा बी न्हाई."

"खरं बोलला ना?"

"व्हय. समदं खरं."

ताजूने आकडी दोन्ही हातांत धरली, तिच्यात बोट अडकवून पाहिलं, आणि मान वर करून आईला विचारलं, "मग अब्बा खोटं बोलला असता, चोरी केली म्हनला असता, तर आज आपल्यासंगं घरी आला असता?"