काजूचा डाग

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी माझ्या बायकोने, कमलने, पिशवीतून चार वस्तू काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. घरच्या मुठेलाचा गोळा, पेडण्याच्या बाजारातली आयुर्वेदिक ट्यूब, हरमलच्या दुकानातली एक डबी आणि काचेची एक बरणी. पायाला काय काय लावलं ते डॉक्टर विचारतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं की हा कातडीचा कॅन्सर आहे आणि तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला आहे. कमलने एकेक वस्तू पुन्हा पिशवीत भरली. सात महिन्यांनी ती गेली.

आम्ही गोव्यातल्या इब्रामपूरचे. काजूच्या दिवसांत आमच्याकडे बोंडू, म्हणजे काजूची फळं, रसासाठी दगडी कुंडात घालून पायांनी तुडवतात. बी आधी पिळून काढतात, तेव्हा तिचा चीक उडतो. तो कातडीला लागला की भाजल्यासारखा काळा डाग पडतो, पुढे त्याची साल निघते आणि चतुर्थीपर्यंत पाय स्वच्छ होतो. कमलच्या उजव्या तळव्यावर डाग दिसला तेव्हा आम्ही दोघांनीही काजूचं नाव घेतलं. चतुर्थी आली, डाग तसाच होता. मी म्हटलं, या वर्षी चीक जास्त लागला असेल.

ती मुठेल लावायची. कोकमाच्या बिया कुटून, उकळून वर येणारं तेल थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, ते मुठेल. कमलच्या हातचं मुठेल सगळी वाडी न्यायची. त्याने गुण येईना तेव्हा मी एकशेवीस रुपयांची ट्यूब आणली. मग हरमलला गेलो. मी टेम्पोने तिथल्या दुकानांना भाजी पोचवतो. त्यातल्या एका दुकानात शीतल नावाची मुलगी साबण, तेलं, मलमं विकते. ती म्हणाली, "काका, यात केमिकल काही नाही." साडेसहाशेची डबी. चार महिन्यांनी बावीसशेची बरणी. शीतलचा यात दोष नाही. तिने कशाचा डाग म्हणून विचारलं होतं, आणि मी काजूचा म्हणून सांगितलं होतं.

दर वेळी किंमत वाढली की आपण कमलसाठी जास्त काही करतोय असं मला वाटायचं. ती हसायची. "माझो पाय तुमच्या टेम्पोपेक्षा म्हाग झालो," म्हणायची. म्हापशाच्या डॉक्टरची फी त्या बरणीपेक्षा कमी होती.

शेवटी शेवटी ती म्हणाली, "पायाचा कोणाक सांगू नकात. माझ्या मुठेलाक नाव ठेवतील." मी हो म्हटलं. बाराव्याला लोकांनी विचारलं तेव्हा लिव्हर सांगितलं.

या एप्रिलात शेजारची मालतीवहिनी आली. माझ्या चुलतभावाची बायको, कमलच्या बरोबरीची.

"भावजीनू, एक मुठेल दिया. कमळेच्या हातचां आसा मां अजून?"

"आसा. कित्याक?"

तिने चप्पल काढून टाच दाखवली. "ह्यो बघा. गेल्या वर्षीचो डाग, जाता जायना. कमळेक पण होतो मां असोच?"

कडा वाकड्यातिकड्या, एका बाजूला तपकिरी, मधे काळा. मी आत गेलो, फडताळातून एक गोळा काढला आणि तिच्या हातात दिला. ती गेली. मी दारात उभा राहिलो. एवढं सगळं होऊनही माझ्या हातांनी मुठेलच दिलं.

दुपारी तिच्या बागेत गेलो. ती कुंडात उभी राहून बोंडू तुडवत होती.

"वहिनी, बाहेर या. कमलला लिव्हरचं काही नव्हतं. पायाचं होतं. तुमच्यासारखाच डाग."

तिचे पाय थांबले. "म्हणजे मुठेलान झाला?"

"मुठेलान नाय. आम्ही मुठेल लावीत बसलों, डॉक्टरकडे वेळार गेलों नाय, म्हणून गेली ती."

"माझो काजूचोच आसतलो."

"असेल. डॉक्टरला सांगू दे. उद्या टेम्पो रिकामा आहे, मी नेतो."

"आणि बोंडू कोण तुडवतलो? तुम्ही?" ती हसली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"मी तुडवतो."

मी पाय धुतले आणि कुंडात उतरलो. ती काठावर बसून बघत होती. मधेच म्हणाली, "भावजीनू, टाच टेका. नाचताय काय?" संध्याकाळपर्यंत तुडवलं, दुसऱ्या दिवशीही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, सोमवारी जाऊ. सोमवारी म्हणाली, माहेरचे येणार आहेत. काल मी तिच्या नवऱ्याशी बोललो. तो म्हणाला, "पाऊस लागलो की बघूया. आता सगळीकडे तोच डाग असता."

वाडीत मात्र गोष्ट पसरली. दोन बायका मुठेलाचे गोळे परत देऊन गेल्या. एकीने तर गोळा कागदात गुंडाळून, बोटांच्या टोकांत धरून आणला. कमलला दिलेला शब्द मी मोडला, आणि तिला ज्याची भीती होती तेच झालं.

तिने टाच दाखवली त्याला आज नऊ दिवस झाले. मी रोज सकाळी टेम्पो तिच्या दारात उभा करतो, हॉर्न देतो, थोडा वेळ थांबतो आणि भाजी घेऊन हरमलला जातो. मालतीवहिनीचा पाय अजून डॉक्टरला दाखवलेला नाही.