तिसरा विषय

मेकॅनिकलची दोन वर्षं झाल्यावर मी शाखा बदलणार म्हणाले, तेव्हा आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"दोन वर्षं काय पाण्यात घालायची? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं खूळ! अगदी बापावर गेलीस."

बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते शेजारच्या खोलीत असल्यासारखं ती बोलून गेली.

मला हृदयाचे, मेंदूचे सिग्नल वाचायचे होते. ते काम जिथे चालायचं त्या प्रयोगशाळेच्या मॅडमना मुलं 'गाळणीबाई' म्हणत. त्या सिग्नलमधला गोंगाट गाळत, आणि मुलांनाही. माझ्या विषयांना त्यांची संमती लागणार होती. दोन विषय ठरलेले होते, तिसरा मी निवडायचा होता. मी प्रतिमा-विश्लेषण निवडलं. संगणकाच्या खोलीत बसून होणारा विषय. दुसरा पर्याय फिजिऑलॉजीचा, म्हणजे शरीर कसं चालतं त्याचा होता, पण त्याची प्रात्यक्षिकं रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, हृदयाच्या वॉर्डात होत. बाबा शेवटी तिथेच होते. त्या जिन्याची पायरी पुन्हा चढायची नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मॅडमनी माझी निवड पाहिली आणि बाजूला ठेवली. एका हृदयाचं रेकॉर्डिंग माझ्या हाती दिलं.

"हे स्वच्छ करून आण. मग विषयांचं बोलू."

मी उत्साहाने भिडले. विजेची घरघर काढली, वरखाली सरकणारी रेघ जागेवर आणली. मग दिसलं, की ठोके सारख्या अंतरावर नाहीत. काही जवळजवळ, काही लांब. इथे मी माझ्या घरच्या मैदानावर होते. फिरणाऱ्या दांड्याचा वेग थोडा कमीजास्त होतो, म्हणून यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास करताना आम्ही प्रत्येक फेरा ताणून किंवा दाबून सारख्या लांबीचा करतो. मग बिघाड लगेच नजरेत भरतो. मी ठोक्यांचं तेच केलं. रेघ इतकी देखणी झाली, की कुणाला तरी दाखवावीशी वाटली.

मॅडमनी ती बराच वेळ पाहिली.

"इस्त्री छान केलीस."

"थँक यू, मॅडम."

"यंत्र म्हणून उत्तम. माणूस म्हणून मला काळजी वाटली असती. यातला श्वास कुठे गेला?"

"श्वास? पण हे तर हृदयाचं आहे ना?"

"तुझी नाडी धर. हं, आता सावकाश श्वास घे. आता सोड."

श्वास घेताना ठोके जवळ आले. सोडताना लांबले. पुन्हा घेतला, पुन्हा तसंच. जन्मापासून हे माझ्या मनगटात चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"धडधाकट हृदय असं श्वासाबरोबर मागेपुढे होतं," मॅडम म्हणाल्या. "ते मागेपुढे होणं संपलं, की धोका ओळखून आम्ही जागे होतो. तू तेच बिघाड समजून काढून टाकलंस."

मी मनगट सोडलं. शेवटच्या दिवसांत बाबांच्या मॉनिटरवरची रेघ अगदी शिस्तीत चालायला लागली होती. आईने मला कोपराने ढोसलं होतं, "बघ, आता कसं एकसारखं चाललंय." बाबांनीच आम्हाला हाकललं, "जा, निवांत चहा पिऊन या." आम्ही खाली गेलो होतो आणि खूप दिवसांनी चहा गरम असताना प्यायलो होतो.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"हे फिजिऑलॉजीत शिकवतात?"

"गणितात तर नाही शिकवत. तुझं गणित चांगलं आहे, त्याचीच मला धास्ती. चित्रांचा विषय पुढच्या वर्षीही होईल. पण हा टाळायला काही कारण असेल तर सांग. जबरदस्ती नाही."

"माझे वडील त्या वॉर्डात होते."

मॅडमनी चष्मा काढला. 'अरेरे' वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

"पहिल्या दिवशी दारापर्यंत ये. आत यायचं की नाही, ते तिथे ठरव. नाव मात्र आजच घाल. एकदा नोंदणी बंद झाली, की माझ्याही हातात काही राहत नाही."

मी नाव घातलं. परत येताना पाय हलके वगैरे झाले नाहीत. पण पाठीवर घेतलेलं ओझं माझं स्वतःचं आहे, असं कितीतरी दिवसांनी वाटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तिसरा मजला?"

"हो."

"जगात दुसरे विषय मेलेत का?"

"आई, आपण त्या रेघेकडे तासन्‌तास बघत होतो. पण ती आपल्याला वाचता येत नव्हती. मला वाचायची आहे."

तिने एकाच टॉवेलची उगाच दोनदा घडी केली.

"वाचता आली असती तर ते वाचले असते?"

"माहीत नाही. बहुतेक नाही. पण ते गेले तेव्हा आपण खाली चहा पीत बसलो नसतो."

"त्यांनीच पाठवलं होतं आपल्याला," ती म्हणाली. मला वाटलं, आता रडेल. पण ती उठली, कपाट उघडलं आणि आत काहीतरी धुंडाळायला लागली. पाठमोरीच बोलली, "तिथे एसी फार असतो. स्वेटर ने. आणि त्या मोठ्या आवाजाच्या सिस्टर अजून असतील, तर त्यांना म्हणावं, आईने आठवण काढली."