मोतीलालचा न सांगण्यासारखा शॉट

माणसाच्या पोटात सगळं काही राहतं, स्वतःची हुशारी तेवढी राहत नाही. मोतीलालच्या पोटात आलूबोंड्याच्या मसाल्याचं गुपित लग्नाआधीपासून सुखाने नांदत होतं, बायकोलाही त्याचा वास लागला नव्हता. पण तान्ह्या पोळ्याच्या पहाटे त्याने जे केलं, ते मात्र त्याला सकाळच्या चहापर्यंतसुद्धा पचेना.

आंजीच्या चौकात एक कडुनिंब आहे. गावचा रिवाज असा, की तान्ह्या पोळ्याच्या दिवशी उजाडताना ज्याची हातगाडी त्या कडुनिंबाखाली उभी, त्याची ती जागा पुढच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत. सरपंच बदलतात, हा रिवाज बदलत नाही. लाकडी बैल घेऊन पोरं तिथेच जमतात, बस तिथेच थांबते, आणि भुकेला माणूस सावली सोडून दुसरीकडे जात नाही. इतकी वर्षं ती जागा मोतीलालच्या आलूबोंड्याची होती. यंदा आदल्या संध्याकाळी सारं गाव पोळ्यात गुंतलेलं असताना गुपचुपवाल्या, म्हणजे पाणीपुरीवाल्या, रीताने आपली रिकामी गाडी तिथे नेऊन लावली, चाकांखाली दगड सारले आणि काचेची पेटी उचलून ती घरी गेली.

मोतीलालची गाडी वर, मारुतीच्या पारापाशी, उताराच्या तोंडावर उभी होती. आता दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. पण मोतीलाल कॅरमचा खेळाडू. जिल्ह्याच्या फायनलपर्यंत गेला होता आणि तिथे सावंगीच्या प्रफुलकडून हरला होता. ते हरणं अजून त्याच्या घशाशी यायचं. तर अशा या मोतीलालने खालची गाडी पाहिली, वरची पाहिली, आणि त्याच्या बोटांना खाज सुटली. दोन्ही गाड्या नालवाडीच्या एकाच वेल्डरने केलेल्या, एकाच मापाच्या. दोन्हींच्या टोकांना जुन्या टायरचे पट्टे. दोन्ही रिकाम्या. म्हणजे सारख्या वजनाच्या कॅरमच्या दोन गोट्या आणि मधे सिमेंटचा सरळ रस्ता!

पहाटे त्याने रीताच्या चाकांखालचे दगड काढले, वर जाऊन आपली गाडी नाकासमोर धरली आणि सोडून दिली. गाडी खडखडत उतरली आणि कडुनिंबाखालच्या सपाटीवर रीताच्या गाडीला बरोबर मधोमध भिडली. धप्प! मोतीलालची गाडी जागच्या जागी थांबली. तिचा सगळा वेग घेऊन रीताची गाडी जी निघाली ती थेट नालीत. मोतीलालच्या डोळ्यांत पाणी आलं. असा शॉट त्याच्या हातून जन्मात बसला नव्हता, आणि पाहायला होतं कोण, तर एक कुत्रं. तेही दुसरीकडे बघत होतं.

उजाडल्यावर चौकात ही गर्दी जमली. सरपंच कमलाबाई ओट्यावर बसल्या.

"माही गाडी रातभर इथंच उभी होती, माय," मोतीलाल म्हणाला. "हिची गाडी वरून आली, माह्या गाडीले घासून नालीत गेली. पाहा ना, माही जराशी तरी हालली काय?"

"मी सांजेलेच इथं लावली होती," रीता म्हणाली.

"पाह्यलं कोनी?"

कोणीच पाहिलं नव्हतं. कमलाबाईंनी कडुनिंबाखाली शांत उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, मग नालीतल्या गाडीकडे. "जे पळाली तेच गुन्हेगार," त्या म्हणाल्या. "उभी गाडी कोनाले काय मारन?"

निकाल लागल्यातच जमा होता. रीता भांडली नाही, रडलीही नाही. झाडाच्या बुंध्याशी तिचे दगड कोणीतरी नीट रचून ठेवले होते. तिने ते पाहिले, मग मोतीलालचं तोंड पाहिलं. कॅरमची राणी घेतल्यावर त्याचं जसं व्हायचं, तस्संच ते झालं होतं.

"भाऊचंच खरं असन, माय," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, भाऊनं वरून गाडी सोडली. पण वरून आलेली गाडी इथं थांबन कशी? दोन्ही नालीत जातीन. असं काम मोतीलालभाऊच्या हातचं नाई. सावंगीच्या प्रफुलले जमलं तं जमलं."

लोक हसले. जागा मिळालीच आहे, गप्प राहा, असं मोतीलालने स्वतःला बजावलं.

"प्रफुलचा नेमच तसा हाये ना," रीता म्हणाली.

"प्रफुलचा?" मोतीलाल उसळला. "अवो, त्याले स्ट्रायकर तरी धरता येते काय नीट!" खिशातून दोन गोट्या काढून त्याने ओट्यावर मांडल्या. "हे पाहा. वजन सारखं पाहिजे अन् मार मधोमध. मारणारी थांबते, उभी असलेली पळते." त्याने टिचकी मारली. तस्संच झालं. "स्ट्रायकरनं असं होत नाई. तो भारी, मागून चालतच राह्यते. अन् जराशी तिरपी लागली, तं दोघी दोन दिशेले. म्हणून तं मी गाडीचं तोंड पुन्हा पुन्हा सरळ केलं, हिचे दगड काढले अन्..."

पळालेली गोटी ओट्यावरून खाली पडली.

"बोल ना," कमलाबाई म्हणाल्या. "दगड काढले, मंग?"

"मंग... काही नाई."

"म्हणजे जे उभी हाये, तेच मारणारी." कमलाबाई पदर सावरून उठल्या. "जागा रीताची. अन् तिची गाडी तूच काढायची, धुऊन द्यायची."

मोतीलाल गुडघाभर चिखलात उतरला. वर्षभराची सावली गेली होती, घरी बायको वाट पाहत होती, आणि त्याला फार वाईट वाटत होतं. वरून रीता गाडी ओढत होती. गाडी काठावर आल्यावर ती हळूच म्हणाली, "भाऊ, शॉट मात्र एक नंबर होता."

मोतीलालने तोंडावरचा चिखल पुसला. "मधोमध लागली होती, बाई. केसभर इकडं नाई का तिकडं नाई."

मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला.

"प्रफुल येते ना तुह्याकडं गुपचुप खायले? त्याले सांगजो."