दातांच्या दवाखान्यातली दीर्घिका

मी एक जुना फोटो आहे. दातांच्या दवाखान्यात लोक गाल धरून जिथे बसतात, तिथल्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. माझ्यात दोन दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांच्या दोन दूरच्या वस्त्या, शेजारी शेजारी दिसतात. मित्रांनो, मला फार निरखून बघू नका. लाज वाटते.

माझा जन्म डॉक्टरांच्या गच्चीवरचा. दुर्बिणीला कॅमेरा लावून त्यांनी आकाशाच्या एकाच तुकड्याचे पुष्कळ फोटो काढले आणि संगणकात एकावर एक रचले. त्यातून मी झालो. माझ्या अंगभर बारीक दाणे होते. अंधारातल्या फोटोला ते असतातच. पण त्या दाण्यांतच, दोन्ही दीर्घिकांना जोडणारा उजेडाचा एक पुसट पट्टा होता. तो खरा होता. कोट्यवधी वर्षं प्रवास करून आला होता बिचारा.

डॉक्टरांचे मोठे भाऊ, दादा, त्याचीच वाट बघत होते. डॉक्टरांना आकाश दाखवलं ते त्यांनीच. आता त्यांची नजर झपाट्याने जात होती.

"दुर्बिणीतून तो पट्टा कधी दिसला नाही रे," ते फोनवर म्हणाले होते. "तुझ्या फोटोत तरी बघून घेतो."

पण डॉक्टर पडले दातांचे. खरखरीत काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. ते संगणकावर माझे दाणे पुसायला बसले.

"अहो, पुरे की!" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "फोटो आहे तो, दाढ नाही."

"थोडंसंच राहिलंय गं. कडेला."

कडेचं गेलं, मधलं गेलं, पट्टाही गेला. मी मेणासारखा गुळगुळीत झालो. मग फारच मऊ दिसतो म्हणून त्यांनी कडा ठळक करून मला धार लावली. तशी प्रत्येक ताऱ्याभोवती काळी कडी उमटली.

मला चौकटीत बसवून इथे लावलं. "किती स्वच्छ!" असं लोक म्हणत, आणि चौकटीत मान खाली घालायची सोय नसते. एका आजींनी तर काळ्या कड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "डॉक्टर, एवढी कीड कुणाच्या तोंडात निघाली?"

मग दादा आले. भिंग धरून त्यांनी नाक माझ्या काचेला टेकवलं.

"छोट्या, पट्टा कुठंय?"

डॉक्टर उगाच माझी चौकट सरळ करू लागले.

"माझेच डोळे गेले म्हणायचे," दादा पुटपुटले आणि त्यांनी भिंग खिशात टाकलं.

मित्रांनो, तेव्हा खिळ्यावरून पडून फुटलो असतो तर बरं झालं असतं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "तुझे डोळे नाही गेले, दादा. मीच घासून टाकला तो."

"न घासलेला ठेवलायस का?"

ठेवला होता. जपून नव्हे, संगणक आवरायचा आळस म्हणून. डॉक्टरांनी तो पडद्यावर उघडला. दादांचं बोट दाण्यांमधून हळूहळू एका दीर्घिकेकडून दुसरीकडे गेलं.

"आहे रे," ते म्हणाले. आणि तिथेच बसून राहिले.

तो दाणेदार फोटो आता दादांच्या खोलीत, त्यांच्या नाकाच्या उंचीवर लावलाय. मी इथेच आहे. तुम्ही खुशाल घासा, धार लावा. पण आधी मूळ प्रत बाजूला ठेवा आणि जे पुसताय ते नक्की कचराच आहे का, एवढं बघा.

डॉक्टर हल्ली दात साफ करतानाही मधेच थांबून विचारतात, "हे तुमचं मूळचंच ना?" तोंड उघडं असल्यामुळे कुणालाच उत्तर देता येत नाही. पण ते थांबतात. तेवढ्यापुरती माझी लाज कमी होते.