अंबूबाईंचा फोटो

"लॅबलाच टाका की मास्तर. मशीन हाय म्हणं तिथं."

दूधवाला पिराजी सुतकात होता, म्हणून पायरीखालीच उभा होता.

"मशीन ओरखडे पाडतं," नृसिंह मास्तर म्हणाले. "तुझ्या आईचा रोल मी घरीच धुतो."

"दादासाठी हाय ओ. आसामातनं निघालाय. दहाव्यालाच पोचतोय."

काल गडमुडशिंगीत, तिरडीवर ठेवण्याआधी, अंबूबाईंना खुर्चीत बसवून मास्तरांनी काढलेले चार फोटो. जिवंतपणी एकही नव्हता. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि एकोणीस वर्षं न्हाणीघरात रोल धूत.

अंधार. दाराच्या फटीत कांबळं. रोल टाकीत, टाकीला झाकण. दिवा.

डावी बाटली डेव्हलपर, चित्र उमटवणारी. उजवी हायपो, उमटलेलं पक्कं करणारी. चिठ्ठ्या कधीच्या गळून पडलेल्या, त्यांची गरजही कधी पडली नव्हती.

डावी ओतली.

नऊ मिनिटं. मिनिटाला एकदा टाकी हलवायची.

पाणी.

उजवी.

दारात त्यांची बायको, कालिंदी.

"आंबूस वास मघापासूनच येतोय. आधी हायपो ओतलात?"

मास्तरांचं नाक रसायनांनी केव्हाच गेलं होतं. त्यांनी झाकण काढलं. पट्टी काचेसारखी स्वच्छ. हायपो आधी पडला की चित्र उमटायच्या आतच धुऊन जातं.

"काल न्हाणी घासली मी," कालिंदी म्हणाली. "बाटल्या उचलून पुन्हा ठेवल्या. माझ्याकडूनच..."

"बघून ओतायचं काम माझं."

पट्टी त्यांनी तरीही धुतली. अर्धा तास, वाहत्या पाण्याखाली. चिमटा लावून दोरीवर वाळत घातली.

पिराजीनं सगळं ऐकून घेतलं. पायरीखालीच.

"कायच न्हाय?"

"काहीच नाही."

त्यानं चपलेचा अंगठा सारखा केला. मग म्हणाला, "दादाला सांगतो लॅबनं घालवला म्हणून. तुमचं नाव कशाला? लय तापट हाय त्यो."

"मीच येतो सांगायला."

दहावा. पिराजीचा दादा गुंडू, मुंडण केलेला, अंगणात घोंगड्यावर बसला होता. पिराजीपेक्षा रुंद, रापलेला. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. बाटल्यांचं. नाकाचं. कालिंदीचं सोडून सगळं.



गुंडूनं शिवी दिली नाही.

"बसा," तो म्हणाला.

मास्तर बसले.

"मला तोंड बघायला घावलं न्हाय तिचं. तीन वर्सं झाली सुट्टी न्हवती. तुमी समोरनं बघितलंय न्हवं? सांगा की. कशी दिसत हुती?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. अंतर सहा फूट. शटर सेकंदाचा तिसावा भाग. खुर्चीचा एक पाय आखूड होता, म्हणून खाली लाकडाची ढलपी सारली होती. पदर पिराजीच्या बायकोनं दोनदा सारखा केला होता. सगळं आठवत होतं. चेहरा तेवढा येईना.

"उजेड डावीकडनं येत होता," ते म्हणाले.

गुंडू जवळ सरकला.

"मग?"