ताराबेनची निवडणूक

गुजराती मुलखातल्या पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत सगळे पोटासाठी आलेले खानदेशी, आणि सगळे वैतागलेले. लढाई पेटली कुठल्या कुठे परमुलखात, पण सूत महागलं इथं, आणि कापडाचे लूम आठवड्यातून तीनच दिवस चालू लागले. उरलेले दिवस रघुनाथ टीव्हीसमोर बसून यच्चयावत पुढाऱ्यांचा उद्धार करायचा. "टीव्हीले ऐकू येत नई," त्याची बायको तारा साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता म्हणायची. राग तिलाही होताच. महापालिकेच्या मतदानाला नेसायची म्हणून तिनं ठेवणीतली साडी काढली, तर ऐन वेळी बाकीच्या उमेदवारांनी अर्ज मागे घेतले. नगरसेवक बिनविरोध! एवढी मोठी म्हणे लोकशाही, आणि बोटाला शाईचा ठिपका काही मिळेना.

त्यात श्रावण आला, खानदेशच्या कानबाई देवीचा उत्सव आला. मंडळाचे अध्यक्ष हेमराजभाऊ यांनी जाहीर केलं, की यंदा मिरवणुकीआधी त्याच नगरसेवकाचा सत्कार, मग त्याचं भाषण, आणि मग बाया नाचतील. हेमराजभाऊ माणूस लाख चांगले, अडीअडचणीला धावणारे. पण अध्यक्ष कायम तेच, कारण दुसरं कुणी कधी उभंच राहिलं नव्हतं.

तारा उभी राहिली. भर बैठकीत म्हणाली, "कानबाई आमनी, नाचनार आम्ही, अन ताटकळानं त्याना भाषनसाठे? मी अध्यक्ष व्हयनू तर सत्कार नई. घ्या मतदान!"

गल्लीला नुसतं उधाण आलं. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरोघरचे गहू जमतातच. मग ठरलं, की देवळाच्या ओट्यावर पडद्याआड दोन पातेली ठेवायची, एक ताराचं, एक हेमराजभाऊंचं; प्रत्येक मोठ्या माणसानं आपल्या पसंतीच्या पातेल्यात एक वाटी गहू ओतायचे. शेवटी वजन करायचं. बाया नटूनथटून आल्या, म्हातारे दाढी करून आले. शाई नव्हती म्हणून बोटाला कुंकू लावलं. ताराला ते बोट कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं.

सगळ्यांचं उरकल्यावर मंडळी चहाला गेली. परत येऊन वजनकाटा मांडतात, तर दोन्ही पातेली रिकामी! तेवढ्यात चक्कीकडून शांताबाई आली. दरवर्षी रोटाचे गहू दळून आणायचं काम तिचं. डोक्यावर पिठाचा डबा.

"दोन्ही पातेलामधला गहू एकठे करी दळी उनू, माय," ती कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. "बारीक दळेल शे."

सगळ्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग असा हशा पिकला, की शांताबाईही काही न कळता हसू लागली.

हेमराजभाऊंनी डोळे पुसले. "जाऊ द्या, ताराबेन. मी माघार घेतो. तुम्हीच अध्यक्ष व्हा, बिनविरोध."

अध्यक्षपद आयतं पदरात पडत होतं. सत्कार रद्द, भाषण रद्द. नुसती मान डोलवायची होती. पण त्या एका शब्दानं ताराचं टाळकं सणकलं.

"माले बिनविरोध नई जोयजे! भाऊ, तुम्ही मना समोर उभा ऱ्हा."

"आणि हरलात तर?"

"तर भाषन ऐकसू. पह्यल्या रांगमा बशीसन!"

मग भर गल्लीत दोन रांगा लागल्या. हेमराजभाऊंची बायको मनीषा पदर खोचून सगळ्यांत आधी ताराच्या मागं आली. आणि रघुनाथ? तो मान खाली घालून हेमराजभाऊंच्या मागं उभा राहिला. "मना आजारपनमा भाऊ रातभर दवाखानामा बठेल व्हतात," तो पुटपुटला. ताराला संताप आला, आणि पाठोपाठ नवऱ्याचा अभिमानही वाटला. गड्याला निदान स्वतःचं मत होतं.

मोजणी झाली. तारा थोडक्यात जिंकली. ढोल वाजला, बायांनी तिला उचललंच.

हेमराजभाऊ मात्र मागं वळून आपल्या रांगेकडे बघत राहिले होते. तारा जवळ गेली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"इतला वरीस अध्यक्ष व्हतू," ते म्हणाले, "पन माले कोनी मत दिन्हं, ते आज पह्यलांदाच. पुढला साल परत उभा ऱ्हासू."

"ऱ्हाच, भाऊ!" तारा म्हणाली, आणि त्यांना हाताला धरून तिनं नाचणाऱ्यांत ओढलं.