चोकची मूठ तापली तेव्हा

भाजलेलं बोट.

भंगारात गेलेल्या दोन बॅटऱ्या.

अर्ध्या जिन्यातून मागे फिरलेल्या चपला.

"आई, आता तुझ्याच्यानं होत नाही गं."

चमचाभर हिरवी पूड.

मित्रांनो, या पाच गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हांला वाटेल. मलाही तेच वाटायचं. आणि मी तर त्या सगळ्यांच्या मधोमध होते! मी एका जुन्या गाडीतली अर्थिंगची वायर आहे. म्हणजे, होते.

आम्ही दोघी जुळ्या. एकाच वेटोळ्यातून कापलेल्या. आत तांब्याच्या तारा, वर काळं जाड आवरण. माझं एक टोक बॅटरीला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. बहिणीचं एक टोक पत्र्याला, दुसरं इंजिनाला. बॅटरीतून निघालेली वीज दिवे लावते, हॉर्न वाजवते, स्टार्टर फिरवते; पण तिला परत घरी यावंच लागतं, नाहीतर ती काडीचं काम करत नाही. परतीची ती वाट म्हणजे आम्ही. कौतुक दिव्यांचं व्हायचं, हॉर्नचं व्हायचं. आमचं नाव कुणी घेत नसे.

गाडी एका निवृत्त नर्सबाईंची. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून होती, आणि तिच्या पाठीच्या जखमा धुऊन पट्टी करायला सिस्टर रोज सकाळी जात. त्या बहिणीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे.

एके सकाळी गाडीनं नुसतं 'टक्' केलं.

"रात्री दिवे चालू ठेवलेस," मुलगा म्हणाला.

"नाही रे, बंद केले होते मी."

"मग बॅटरी काय उंदरांनी खाल्ली?"

नवी बॅटरी आली. काही आठवड्यांनी पुन्हा 'टक्'.

"आई, परत? आता तुझ्याच्यानं होत नाही गं."

या वेळी सिस्टर 'नाही' म्हणाल्या नाहीत. मला धक्काच बसला. वॉर्डात डॉक्टरांनाही न भिणारी बाई खाली मान घालून उभी! त्या दिवसापासून त्या अर्धा जिना चढून मागे फिरत, दिव्याचं बटण हातानं चाचपून बघत, आणि तरीही खात्री नसल्यासारख्या वर जात. मुलगा बॉनेटला टेकून फोनवर हळू आवाजात म्हणाला, "विकून टाकतो गाडी. विसरायला लागलीय ती."

दुसरी बॅटरीही भंगारात जाऊन तिसरी आली, आणि मी मात्र बॅटऱ्यांनाच नावं ठेवत बसले होते. हल्लीच्या बॅटऱ्या, नाव मोठं लक्षण खोटं!

गाडीची किंमत ठरवायला मिस्त्री आले. त्यांना दाखवायला म्हणून सिस्टरांनीच गार इंजिनासाठी चोकची मूठ ओढून धरली आणि किल्ली फिरवली. आणि किंचाळल्या.

"काय झालं? कुठे आपटलं?" मुलगा धावला.

"आपटलं नाही, भाजलं. चोकची मूठ तापलीय."

"आई, काहीतरीच काय! चोक म्हणजे नुसती ओढायची तार. ती कशी तापेल?"

मिस्त्री हसले. "सिस्टर, सकाळची चहाची किटली धरली असेल."

सिस्टर बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा वॉर्डातला आवाज परत आला. "दुखणं छातीत आणि कळ हातात, असले पेशंट मी जन्मभर पाहिलेत. ही तार का तापली ते आधी सांगा. विकायचं मग बघू."

मिस्त्रींनी मूठ धरून बघितली. "आयला!" त्यांनी हात झटकला. मग एक जाड वायर आणून थेट बॅटरीपासून इंजिनाला लावली. "मारा आता स्टार्टर."

एका दमात इंजिन सुरू!

"वीज परतायला वाट शोधत होती," मिस्त्री म्हणाले. "मूळ वाट बंद, म्हणून चोकच्या तारेतून घुसली. आग लागली असती हो." बोलता बोलता त्यांनी माझ्या बहिणीला सोडवलं, आवरणावर पातं फिरवलं. आत तांबं नव्हतं. गंजून झालेली हिरवी पूड होती.

मी सुन्न झाले. आणि खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं: जुळ्यांतली हीच कच्ची निघाली.

"दुसरीही काढतो."

"ती चांगली दिसतेय की," मुलगा म्हणाला. अगदी माझ्या मनातलं!

पातं माझ्यावरून फिरलं.

हिरवी पूड. चार-दोन तारा तेवढ्या शिल्लक.

चालत्या इंजिनावर बॅटरी भरते, तीही आमच्याच वाटेनं. म्हणजे बिचाऱ्या त्या बॅटऱ्या कधी पोटभर जेवल्याच नव्हत्या! आणि मी त्यांनाच नावं ठेवत होते.

"आई..." मुलगा पुढे आला.

सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सिस्टर, माझ्यापेक्षा बरं आहे. हसलो मी होतो."

मुलानं आईचं भाजलेलं बोट नळाखाली धरलं. खूप वेळ. पाणी बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

मिस्त्रींनी पत्रा चकचकीत घासला आणि नव्या दोघी बसवल्या. सिस्टर तशाच बहिणीकडे निघाल्या. मी आता भंगाराच्या डब्यात आहे.

मित्रांनो, वरचं आवरण धड दिसलं म्हणून आतलं धड असेल असं धरून चालू नका. अधूनमधून आमची टोकं सोडवून बघा, घासा. आणि घरातलं कुणी 'मी बंद केले होते' म्हणालं, तर बॅटरी बदलण्याआधी त्याचं ऐका.

गाडी पहिल्यांदा बंद पडली, त्याच्या आदल्या रात्री माझ्यातून काहीही वाहत नव्हतं. दिवे बंद होते.